ताईंचं टर्मिनल

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, कचेरीतल्या मित्रांना नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एका बाईंच्या हातून संगणकातली चार महिन्यांची माहिती पुसली गेली, असं सगळे धरून चालतात. त्या बाईही तसंच धरून चालतात. पण त्यांचं टर्मिनल त्या दिवशी आपोआप थांबलं नव्हतं. मी ते थांबवून ठेवलं होतं, मुद्दाम, त्या पाणी प्यायला गेल्या होत्या तेवढ्यात.

एवढं लिहून मी उठलो, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घातलं आणि परत येऊन बसलो. कागदावर अजून तेच आहे. म्हणजे आता पुढं लिहायला हरकत नाही.

मी बोलका माणूस नाही. बायको म्हणते, तुमच्याकडून एक वाक्य काढायचं तर हापशीसारखं आधी आपलंच पाणी ओतावं लागतं. तरी आमचं बरं चाललं आहे. धरमपेठेत नाही, पण धरमपेठेत पायी जाऊन भाजी आणता येईल इतक्या अंतरावर घर आहे. नोकरीची थोडी वर्षं उरलीत आणि कामाचा अजून कंटाळा आलेला नाही. सकाळी चहा घेताना मी खरोखर सुखी असतो. हे सुख ज्या एका दुपारवर उभं आहे, ती दुपार मला लिहायची आहे.

आमची कचेरी बियाण्यांचे नमुने तपासायची. विदर्भातल्या गावागावांतून पुड्या यायच्या. प्रत्येक पुडीचं एक कार्ड असे. त्यावर गाव, शेत, वाण, पेरलं कधी, शंभरातले उगवले किती, हे सगळं टाइप केलेलं. अशी कार्डं लोखंडी कपाटांच्या ड्रॉवरांत वर्षानुवर्षं साठली होती. मग ती संगणकात भरायची असं वरून ठरलं आणि मशीन आलं.

मशीन म्हणजे मधल्या खोलीत ठेवलेलं एक कपाटच होतं. त्या खोलीला एसी होता, आणि दाराशी चपला काढून आत जावं लागे. साहेबसुद्धा मोजे घालून आत जायचे. बाहेरच्या हॉलमध्ये आठ टर्मिनलं मांडली होती. आज तरुण मुलांना टर्मिनल म्हणजे काय ते समजावताना त्रास होतो. दिसायला टीव्ही आणि समोर कीबोर्ड, पण त्याच्या पोटात स्वतःची अक्कल काहीच नसे. आपण दाबलेलं अक्षर तारेतून आतल्या कपाटाकडे जायचं, कपाट ते परत पाठवायचं, तेव्हा कुठं ते काळ्या काचेवर हिरवं होऊन उमटायचं. चित्र नाही, रंग नाही, माउस नाही. अक्षरं तेवढी. सकाळी चालू केलं की आधी बारीक गुणगुण ऐकू यायची, मग काच तापली की एका कोपऱ्यात हिरवा चौकोन लुकलुकायला लागायचा. मला ते फार आवडायचं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, कळमेश्वरहून रोज ये-जा करायचो, आणि संगणकाचा डिप्लोमा केलेला हॉलमधला मी एकटाच होतो.

मशीनच्या देखभालीला महिन्यातून एकदा एक वयस्क इंजिनिअर यायचा. तो हिंदी बोलायचा आणि त्याला शिकवायची हौस होती. टर्मिनलच्या डोक्यावर थाप मारून म्हणायचा, "देखो भाई, ये कांच का टाइपरायटर है, और कुछ नहीं." पूर्वी टर्मिनलला काच नसायचीच, असं त्यानंच मला सांगितलं. टाइपरायटरसारखं धूड असायचं, त्यात कागदाचा गुंडाळा. आपण प्रश्न टाइप करायचा आणि मशीन त्याच कागदावर खडखड करत उत्तर टाइप करायचं. पुढं कागद जाऊन काच आली, पण काचेला वळण कागदाचंच राहिलं. ओळ खाली उमटायची आणि वर सरकायची. वर गेली की गेली.

त्या कागदी काळातल्या दोन खुणाही कीबोर्डात राहून गेल्या होत्या. तेव्हा भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून मजकूर तारेतून धावायचा. घेणाऱ्याला दम लागला की तो उलट "थांब" अशी खूण पाठवी, आणि सावरला की "चल". "कंट्रोल दबाओ और एस, रुक जाएगा. कंट्रोल और क्यू, चल पड़ेगा," इंजिनिअर म्हणाला आणि त्यानं करून दाखवलं. वर पळणारी यादी जागच्या जागी गोठली, आणि परत पळाली. हॉलमध्ये हे आता फक्त मला माहीत होतं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

आता ताईंबद्दल सांगतो. त्या कचेरीच्या टायपिस्ट. वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढं, माहेर भिवापूरकडच्या शेतकरी घरातलं. सगळी कचेरी त्यांना ताई म्हणायची, साहेबही. पंचवीस वर्षं त्यांनी टाइपरायटर चालवला होता. परिपत्रकांच्या प्रती काढण्यासाठी जे स्टेन्सिल कापायचे, त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नव्या लोकांसाठी सांगतो. स्टेन्सिल कापताना टाइपरायटरची रिबन बाजूला करत, म्हणजे अक्षराचा खिळा मेणाच्या कागदावर थेट बसे. काय उमटलं ते टाइप करताना नीट दिसत नसे. डोळे मजकुरावर आणि विश्वास बोटांवर. ताई पान पान असं आंधळं टाइप करायच्या आणि चूक सापडायची नाही.

टर्मिनलं आली तेव्हा दोन जुन्या टायपिस्टांनी रजा टाकल्या. ताईंनी टाकली नाही. पहिल्या आठवड्यातच त्यांनी घरून पडद्याच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवून आणलं, निळ्या फुलांचं, खाली नाडीवालं. खंडेनवमीला टाइपरायटरांची पूजा व्हायची तशी त्यांनी टर्मिनलाचीही केली. झेंडूचं फूल काचेवर टिकेना, तेव्हा तारेच्या वेटोळ्यात खोचलं. "तारेतूनच जाते ना सगळं," म्हणाल्या, "मंग देव बी तिथंच असन."

आणि त्या माझ्यापेक्षा वेगवान निघाल्या. मी डिप्लोमावाला, दोन बोटांनी टाइप करणारा. त्या दहाही बोटांनी. भिवापूर तालुक्यातल्या मिरचीच्या कार्डांचे पाच ड्रॉवर त्यांनी मागून घेतले होते, कारण त्या गावांची नावं त्यांना पाठ होती. कार्ड हातात घेतलं की म्हणायच्या, "हे तर माह्या मामेभावाचं गाव हाय. इथली मिरची लाल होते पण सुकता सुकत नाई." चार महिन्यांत त्यांनी ते पाच ड्रॉवर जवळजवळ संपवले.

मग ते पत्र आलं. एकानं पुण्याला प्रशिक्षणाला जायचं, आणि परत येऊन हॉलचं काम बघायचं, शिवाय तालुक्यांच्या कचेऱ्यांमधल्या टायपिस्टांना शिकवायचं. मला वाटलं, हे माझंच पत्र. साहेबांनी सगळ्यांसमोर ताईंचं नाव घेतलं. "टायपिस्टांना टायपिस्टच शिकवू शकते," म्हणाले. ताई लाजल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी चिवडा घेऊन आल्या आणि मला जास्तीचा दिला. म्हणाल्या, "तुह्याकडूनच शिकून जाईन गा मी पुण्याले. तिथं मले हसले तर नाव तुहं खराब होईन."

मी चिवडा खाल्ला. चांगला होता, हेही मला आठवतं.

जे केलं ते थट्टा म्हणून केलं, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. थट्टा नव्हती. ताईंचा पडदा गोठेल, त्या घाबरून मला हाक मारतील, मी उठून दोन कळा दाबीन आणि सगळा हॉल बघेल, एवढा माझा बेत होता. साहेबांनी तर बघावंच.

दुपारी जेवणं आटोपली होती. ताई पाणी प्यायला माठाकडे गेल्या. त्यांच्या पडद्यावर कामांची यादी उघडी होती: एक दाबलं की नवं कार्ड, दोन म्हणजे बघा, तीन म्हणजे दुरुस्त करा, चार म्हणजे अख्खा संच, म्हणजे आतापर्यंत भरलेली सगळीच कार्डं, काढून टाका. मी त्यांच्या टेबलावरून पट्टी घ्यायच्या निमित्तानं वाकलो, कंट्रोल आणि एस दाबलं आणि पट्टी घेऊन जागेवर आलो. पडदा होता तसाच दिसत होता. गोठलेला पडदा आणि वाट बघणारा पडदा यात बघून काही फरक कळत नाही.

ताई आल्या. कार्ड स्टँडला लावलं. एकचा आकडा दाबला. काही उमटलं नाही. पुन्हा दाबला, मग आणखी काही कळा दाबल्या. मी माझ्या टर्मिनलाआडून बघत होतो. आता हाक मारतील असं वाटत होतं.

त्यांनी हाक मारली नाही. पंचवीस वर्षांत अक्षर दिसत नाही म्हणून त्या कधी थांबल्या नव्हत्या. त्यांनी नजर कार्डावर नेली आणि स्टेन्सिल कापावं तसं संपूर्ण कार्ड टाइप केलं. ओळ संपली की टाइपरायटरचा दांडा ढकलायची सवय होती, तसं प्रत्येक ओळीला एंटर. नुसता टकटक आवाज येत होता, भराभर, नेहमीच्या लयीत. गोठलेलं टर्मिनल दाखवत काही नाही, पण दाबलेलं सगळं पोटात साठवून ठेवतं. हे मला अर्धवट माहीत होतं.

मी उठून गेलो. "ताई, काय झालं?"

"पाय ना गा, उमटूनच नाई राहिलं. मी आपलं स्टेन्सिल समजून पूर्ण कार्ड मारून टाकलं. गेलं असन ना आत?"

"थांबा, मी बघतो," मी म्हणालो. हॉलमधले दोन-तीन जण मान वर करून बघत होते. मी कंट्रोल आणि क्यू दाबलं.

पोटात साठलेलं सगळं एकदम सुटलं. हिरव्या ओळी भराभर वर पळाल्या. पहिल्या दाबादाबीतल्या कळांनी यादी भलत्याच जागी जाऊन पोचली, त्यामुळे कार्डातला चार हा आकडा "काढून टाका" ला जाऊन लागला. नक्की का, असं मशीननं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा ताईंचा ओळ संपल्याचा एंटर त्याला "होय" म्हणून मिळाला. शेवटी यादी परत आली. वर एक ओळ राहिली होती, की या संचात आता एकही कार्ड नाही.

ताईंनी ती ओळ वाचली. मग हात मांडीवर ठेवले. बोटं आत वळवून, जणू पोळलीत.

दर आठवड्याला सगळ्या माहितीची नक्कल टेपवर काढून ठेवत, तिच्यावरून परत आणायचा प्रयत्न झाला. टेप वाचली जाईना. इंजिनिअरला फोन केला, त्यानं काय घडलं ते विचारलं. मी साहेबांच्या शेजारी उभा होतो. मी सांगितलं, "हँग झालं होतं. ताईंनी बऱ्याच कळा दाबल्या." यातलं एक वाक्य खोटं होतं आणि एक खरं, आणि मला वाटतं खऱ्या वाक्यानंच जास्त काम केलं.

रेकॉर्ड विभागात एक कारकून होता, तोंडाचा फटकळ, मनाचा वाईट नाही. तो संध्याकाळी जाता जाता म्हणाला, "काय ताई, सगळ्या भिवापूरची मिरची एका घासात खाल्ली तुमी? अन् पाणी आधीच पिऊन आल्ता." सगळे हसले. ताईही हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या. दार उघडं होतं, म्हणून ऐकू आलं. "मी भरून देते साहेब, पाचही ड्रॉवर. मंग मले माह्या टाइपरायटरवर जाऊ द्या. पुण्याले या पोराले पाठवा."

साहेब म्हणाले, "एका चुकीनं काय होतं ताई?"

"एक कुठची? चार महिन्याची झाली ना."

त्यांनी पाचही ड्रॉवर पुन्हा भरले. पूर्वीपेक्षा हळू. प्रत्येक अक्षर उमटलं का ते बघून, मगच पुढचं. ज्या बोटांना बघावं लागत नव्हतं त्यांना मी बघायला लावलं. शेवटचं कार्ड झालं त्या दिवशी त्यांनी काच पुसली, निळ्या फुलांचं कव्हर चढवलं, नाडी बांधली आणि जावक टेबलामागच्या आपल्या टाइपरायटरवर जाऊन बसल्या. निवृत्त होईपर्यंत तिथंच होत्या.

पुण्याला मी गेलो. तिथं तिसऱ्या का चौथ्या दिवशी, ताईंच्या वाट्याच्या जागेवर बसलेला असताना, शिकवणाऱ्यानं सहज सांगितलं की टर्मिनल गोठलं तर आधी पोटात साठलेलं फेकून द्यावं, मग चालू करावं, नाहीतर ते सगळं एकदम सुटतं. म्हणजे मी उठून गेलो त्या क्षणापर्यंत काहीही पुसलं गेलं नव्हतं. पाचही ड्रॉवर जागच्या जागी होते. पुसलं ते माझ्या दोन कळांनी. मी वहीत ते नीट लिहून घेतलं. ती वही अजून आहे.

पुढचं सगळं चांगलंच झालं. हॉल माझ्याकडे आला, तालुक्यांत शिकवायला गेलो, बढत्या मिळाल्या. टर्मिनलं गेली, पूर्ण संगणक आले, मग पडदे चपटे झाले. तरी आजही सर्व्हरशी बोलायला मी काळी खिडकी उघडतो, तिच्यात कंट्रोल आणि एस दाबलं की अक्षरं थांबतात. मागच्या वर्षी एका नव्या सहकाऱ्याची खिडकी अशी थांबली आणि तो वैतागला. मी लांबूनच काय दाबायचं ते सांगितलं. "सर, तुम्हाला न बघता कसं कळलं?" म्हणाला. मी म्हटलं, जुना आहे.

आमच्या त्या जुन्या कचेरीतली मंडळी दर जानेवारीत कळमेश्वर रस्त्यावरच्या एकाच्या शेतावर जमतात. गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजतात, वांग्याची भाजी असते, वर तूप. दोन घास पोटात गेले की कोणीतरी म्हणतं, चला, मिरचीची गोष्ट होऊन जाऊ द्या. आणि ती गोष्ट सांगायला लावतात मला. मी एरवी बोलत नाही, म्हणून मी सांगितली की जास्त मजा येते म्हणे. मी ती सांगत आलो आहे. कुठं थांबायचं, कारकुनाचं वाक्य कधी टाकायचं, हे मला सवयीनं जमतं. ताई पदर तोंडाला लावून हसतात.

या जानेवारीत ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. ऐंशीला टेकल्या आहेत, दात नवे आहेत, रोडगा तुपात कुस्करून खात होत्या. ऊन छान पडलं होतं. पंगतीचा गलबला होता, त्यात हळूच म्हणाल्या, "मले एक सांग गा."

"सांगा ना ताई."

"तू एवढा शिकला. थे मशीन त्या दिवशी काहून थांबलं असन?"

मी भाजी चिवडत राहिलो. "जुनं होतं ताई. जुनी मशिनं थांबतात."

"जुनं कुठचं? वरीस नव्हतं झालं येऊन. मी कव्हर शिवलं होतं त्याले." मग म्हणाल्या, "म्हणजे माह्या हातानं तर नाई ना थांबलं? एवढंच पुसत होती."

तेवढ्यात पलीकडून हाक आली, चला, मिरची होऊन जाऊ द्या. मी घसा बसलाय म्हणालो. मग त्या फटकळ कारकुनानंच ती सांगितली, तोही आता काठी घेऊन चालतो, आणि त्यानं ड्रॉवर चार सांगितले.

"पाच," ताई म्हणाल्या. "पाच होते बाप्पा. पाचही दोनदा भरले मी." आणि सगळ्यांबरोबर हसल्या. मला विचारलेलं तसंच राहिलं.

निघताना त्यांची नात गाडी घेऊन आली होती. ती आजीला मोबाइल शिकवायचा प्रयत्न करते, आजी हात लावत नाही, अशी तिची तक्रार. ताई मला म्हणाल्या, "माह्या हाताले मशीन लाभत नाई, हे हिले कोण सांगन? तू सांग." नात माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. ताईंनी चार रोडगे कागदात बांधून माझ्या हातात दिले, बायकोसाठी. घरी आम्ही ते संध्याकाळी गरम करून खाल्ले. बायको म्हणाली, मस्त आहेत. होतेच.

मी ताईंचं काय देणं लागतो ते आता लिहून ठेवतो. त्यांच्या घरी जाऊन, समोर बसून सांगायचं, की मशीन मी थांबवलं होतं, आणि चालू करून पुसलंही मीच, तुमच्या हातानं काही झालं नव्हतं. मग पुढच्या जानेवारीत, मिरचीची गोष्ट सांग म्हणतील तेव्हा, त्याच पंगतीत उभं राहून ती अशी सांगायची. यातलं अजून काहीच केलेलं नाही. दोन्ही बाकी आहे.